गिटारीचे पडदे घासणारे भाई

ये गं बाई, इकडे जवळ बस. तिकडे नाशकात असताना कशी येशील म्हणा, पण मी लिहायला घेतलं की समोरच्या पलंगावर कुणीतरी बसलंय असं धरूनच लिहिते, नाहीतर मला दोन ओळींच्या पुढे सुचत नाही. तर आज तू बस. आणि तो फोन आधी पालथा ठेव. परवा त्याच फोनवरून तू मला एक व्हिडिओ पाठवलास, खाली हसणारी पिवळी तोंडं रांगेनं लावून. एक म्हातारा डोळे मिटून गिटारीच्या दांडीवरून गाल फिरवतोय आणि मागून पोरं ओरडतायत, "चाचा, मुका घ्या, मुका घ्या." वर तू विचारलंस, "आजी, हे तुमच्या शहाद्याचे ना?"

हो, आमच्याच शहाद्याचे. आमच्याच घराच्या रस्त्याकडच्या गाळ्यात बसायचे. तुला हसू आलं त्यात मी दोष धरत नाही. माहीत नसलं की माणूस हसतो. पण हे वाचून झाल्यावर पुन्हा हसलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, एवढं सांगून ठेवते. त्या माणसाचे हात निकामी होत चालले होते तेव्हा. हात गेले की बसायची जागा जाणार, चार माणसांतलं उठणं-बसणं जाणार, हे त्यांना आतून कळत होतं, आणि ते गालानं वेळ मारून नेत होते.

मी त्यांना भाई म्हणायचे, ते मला भाभी. बाकी सगळ्या गावाचे ते चाचा. घराणं कल्हईवाल्यांचं. तू कल्हई पाहिलेली नाहीस. पितळेच्या भांड्यात आंबट कळकतं, म्हणून भांडं निखाऱ्यावर तापवून आतून कथलाचा हात द्यायचे. नवसागराचा पांढरा धूर असा काही उठायचा की सगळी गल्ली खोकायची. भाईंचे वडील तापलेला हंडा हातानं फिरवायचे, नुसत्या हातानं, आणि लोक कल्हईपेक्षा ते बघायलाच उभे राहायचे. मग घरोघर स्टील आलं आणि भट्टी विझली. भाईंनी आधी लग्नाच्या बँडची पितळी वाजंत्री घासून दिली. मग कुणी बँजो आणला, कुणी पेटी, आणि शेवटी गिटारी. आपल्याकडे गिटारी कुठल्या, असं तुला वाटेल. अगं, डोंगरातल्या लग्नात आता बँडबरोबर गिटार लागतेच, आणि नवापूरकडच्या चर्चमधली गाणारी पोरं-पोरी तर रोज वाजवतात. सगळ्या फिरून फिरून भाईंच्या गाळ्यात यायच्या.

गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या तारा ठोकलेल्या असतात ना, त्यांना ते पडदे म्हणायचे. काम एवढंच की दोन पडद्यांच्या मधला मळ काढायचा, पडदे उजळायचे, लाकूड पुसायचं. वाजवायला त्यांना एक सूर येत नव्हता. कुणी म्हटलं की "चाचा, कधी वाजवा की काहीतरी," तर आपल्या अहिराणीत म्हणायचे, "मी धोबी शे भाऊ. धोवस, घालस नही."

गिऱ्हाइकाला आधी नळावर पाठवायचे. "हात धोई या." मग तो बँडवाला असो, नाहीतर अंगावर वर्दी असलेला असो. हात धुतल्याशिवाय गाळ्याच्या पायरीवर चढू देत नसत. एकदा एका पोलिसानं मुलासाठी गिटार आणलेली. तो म्हणाला, "मला ओळखलं नाही का चाचा?" भाई म्हणाले, "तुम्हले वळखं. हातले नही वळखं." तो हसत नळावर गेला बिचारा.

तोरणमाळच्या घाटातून खाली येणारी गिटार घोंगडीत गुंडाळलेली असायची तरी लाल धुळीनं भरलेली. लग्नसराईत तर पडद्यांच्या कडेला हळद बसलेली. भाई आधी नाक लावून वास घ्यायचे. "आंबा खायेल शे," म्हणायचे, "रस हाते खावाना, दांडीले चाटाडाना नही." मग वाजवायच्या तारा सैल करायच्या, गिटारीच्या भोकात जुनं धोतर कोंबायचं, घासलेला चुरा तिच्या पोटात जाऊ नये म्हणून. पत्र्याची एक पट्टी होती, मधोमध चीर पाडलेली. ती लाकडावर ठेवली की चिरेतून फक्त पडदा वर यायचा आणि लाकडाला ओरखडा लागायचा नाही. बांबूच्या कामटीनं कडेचा मळ खरवडायचे, मग तारेच्या बारीक घासणीनं पडदा घासायचे, एका अंगानं, उलटसुलट नाही. शेवटी तेलाचं एक बोट लाकडाला लावायचं आणि ते सगळं पुन्हा पुसून काढायचं. मी एकदा विचारलं, "पुसायचंच तर लावता कशाला?" तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोळपाट लाटण्यासकट गिळायला निघाले होते.

आणि बोलणं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे चिकाटी लागायची. एक पडदा हातात घेतला की तो होईपर्यंत तोंड बंद. वाक्य जिथं असेल तिथं तोडायचे, डाव्या हाताचं एक बोट वर करायचे, म्हणजे थांबा, आणि पडदा झाला की त्याच शब्दापासून पुढे. "भाभी, आज बाजारमां मेथी..." आणि बोट वर. मी आपली उभी. धुणं वाळत घालून यायचे तेव्हा ऐकू यायचं, "...लई कडू उनी." तुझे आजोबा म्हणायचे, या माणसाशी भांडण करायचं तर सुट्टी काढावी लागेल.

या बोटापायी गावानं त्यांना माफ केलं नाही कधी. त्यांची बायको बरेच महिने अंथरुणाला होती. एक दिवस दुपारी शेजारची बाई धावत आली, गाळ्याच्या पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "चला, त्या गेल्या." भाईंनी बोट वर केलं. बाई रडतेय, आम्ही ओसरीवरून बघतोय, आणि ते पडदा घासतायत. एका अंगानं, सावकाश. तो पडदा झाला, पत्र्याची पट्टी उचलून पुसली, जागेवर ठेवली, आणि मग उठले. चपला न घालता गेले. लोक म्हणाले दगड आहे. मला तसं वाटलं नाही. घाबरलेलं माणूस हातातलं सोडत नाही, घट्ट धरतं, एवढंच मी पाहिलं. ती गिटार त्यांनी पुन्हा हातात धरली नाही. बँडवाल्यानं ती तशीच नेली, अर्धे पडदे लखलखीत आणि अर्धे काळे, आणि ती तशीच लग्नालग्नांत वाजत राहिली.

आता हातांचं सांगते.

त्यांची खरी परीक्षा बोटाची होती. काम झालं की डोळे मिटायचे आणि मधलं बोट सगळ्या पडद्यांवरून न्यायचे, मग तळवा दांडीच्या दोन्ही कडांवरून. आपल्याकडचा उन्हाळा तुला माहीत आहे. लाकूड आटतं आणि धातू काही आटत नाही, म्हणून पडद्यांची टोकं दांडीबाहेर डोकावतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण वाजवणाऱ्याचा हात कापतात. त्याला ते काटा निघाला म्हणायचे. तळव्याला काटा लागला की बारीक कानस फिरवायचे, पुन्हा तळवा, पुन्हा कानस. त्यांच्या हातून गेलेल्या गिटारीत काटा राहिला असं कधी झालं नव्हतं.

एका हिवाळ्यात समोरच्या चहावाल्यानं उकळती किटली खाली ठेवली आणि भाईंनी ती बुडाला हात घालून उचलली. चहावाला ओरडला. भाईंनी हात उलटा करून दाखवला, फोड नाही, काही नाही. खूश झाले. "मन्हा बापना हात उना माले," म्हणाले. "आमना घरना हातले चटका नही लागस." त्यांना वाटत होतं कल्हईवाल्याचा हात उशिरा का होईना, आला. वडिलांसारखा हंडा आपल्याला कधी फिरवता आला नाही याचं त्यांच्या मनात होतंच. मग ते रोजचंच झालं. चहावाला गिऱ्हाइकं जमवायचा, "चाचा, दाखवा," आणि चाचा किटली उचलून दाखवायचे. लोक टाळ्या वाजवायचे. वडिलांच्या ओळखीचे म्हातारे मान डोलवायचे, म्हणायचे, रक्तात आहे. मग फोड यायला लागले, तर ते म्हणायचे, फोड येतो पण दुखत नाही, हीच तर गंमत. अख्खी गल्ली रोज तो रोग बघत होती आणि वा वा करत होती.

मग ती चर्चमधली मुलगी आली. नवापूरकडची, हसरी, दर उन्हाळ्यात यायची. गिटार नेली आणि आठवडाभरानं परत घेऊन आली. "चाचा, इथं लागतं."

भाईंनी बोट फिरवलं. "काही नही शे."

"आहे चाचा. बघा ना." तिनं हात पुढे केला. तर्जनीच्या मुळाशी चांगली चीर पडलेली.

भाईंनी पुन्हा तळवा फिरवला, दाबून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी पायरीवर तांदूळ निवडत होते. मुलगी एकदम म्हणाली, "चाचा, रक्त." त्यांच्या तळव्यातून रक्त येऊन दांडीवर उतरलं होतं आणि ते अजून हात फिरवतच होते. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग त्या मुलीच्या हाताकडे पाहिलं. तिला परवा बोलावलं, "परमदिन ये." 

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, ते दांडीवरून गाल फिरवत होते. मी विचारलं, हे काय नवीन. म्हणाले, "बोट आते खोटं बोलस भाभी. गाल नही बोलस." मला वाटलं, निघालं आणखी एक खूळ. गालावर बारीक ओरखडे दिसायचे, लोक विचारायचे मांजर पाळलं का. पण गालानं काम बरोबर व्हायचं बरं का. त्या मुलीची गिटार त्यांनी तशीच नीट करून दिली. गालाची कातडी नाजूक, तिला काटा कळायचा. तुझा तो व्हिडिओ तेव्हाचा. लांब बाह्यांचा शर्ट मात्र त्यांनी तेव्हापासून उन्हाळ्यातही उतरवला नाही.

मग घरोघर तपासणी आली. आशाताई येतात ना, अंगावर फिकट चट्टा आहे का, कुठं बधिर वाटतं का, असं विचारत. आमच्या गल्लीची आशाताई माझ्या सुनेच्या वयाची, गोड बोलणारी. ती गाळ्याशी आली तर भाईंनी बोट वर केलं. ती बसून राहिली पायरीवर. एक पडदा झाला, दुसरा झाला, ती आपली बसलेली. शेवटी मीच म्हटलं, "भाई, दाखवा तिला हात. ती काय खाई जाई का तुम्हले?"

त्यांनी हात पुसले आणि पुढे केले. आशाताई म्हणाली, "चाचा, डोळे मिटा. मी पेननं हात लावते. लावला की बोटानं दाखवा, कुठं लावला ते."

भाईंनी डोळे मिटले. गाळ्यात तेलाचा वास होता, बाहेर उसाची ट्रॉली चालली होती. आशाताईनं पेनचं टोक तळव्याला लावलं. मग बोटांना. मग दुसऱ्या तळव्याला, जरा दाबून. ती माझ्याकडे बघायला लागली.

भाई डोळे मिटूनच म्हणाले, "सुरू करा ना ताई. मन्हं काम पडेल शे."

 बराच वेळ झाला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. दोन्ही तळव्यांवर शाईचे निळे ठिपके होते. ते ठिपक्यांकडे पाहत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "हाई कव्हय करं?"

आशाताईनं त्यांची बाही वर केली. आत फिकट चट्टा होता, रुपयाएवढा नाही, चांगला पोळीएवढा.

जुनी माणसं ज्याला महारोग म्हणायची तोच. आता कुष्ठरोग म्हणतात आणि गोळ्या फुकट मिळतात. सरकारी दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले होते. डॉक्टर चांगले होते, खुर्चीत बसवलं, हात हातात घेतला. म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या की यांच्यापासून कुणाला काही होत नाही, रोग जाईल. पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. केव्हापासून आहे असं विचारलं तेव्हा भाईंनी किटलीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आला असता तर हात वाचले असते. भाई म्हणाले, "तव्हय तं लोक टाळ्या वाजाडी ऱ्हायंतात."

रोग गेला, हे खरं आहे. गोळ्या सगळ्या घेतल्या. पण बोटं आत वळायला लागली, आणि गोळ्यांचं पाकीट कुणीतरी पाहिलं. मग सांगायला नको. ज्यानं किटली उचलायला लावली त्याच चहावाल्यानं भाईंचा पेला वेगळा करून खिळ्याला टांगला. गिटारी यायच्या कमी झाल्या. मी भांडले, चहावाल्याशी, गल्लीतल्या बायांशी, घरातही. गाळा त्यांचाच राहील म्हणून सांगितलं. पण गाळा राहून काय, काम लोक आणणार.

लग्नसराईच्या तोंडावर जुना बँडवाला आला, अर्ध्या पडद्यांची गिटार नेणारा तोच. आधी देऊन ठेवलेली गिटार परत न्यायला आलेला. भाईंनी ती गालानं तपासून, कापडात गुंडाळून ठेवली होती. त्याच्या हातात दिली नाही, फळीवर ठेवली. तेव्हा ते कुणाच्या हातात काही देत नसत, खाली ठेवायचे. बँडवाल्यानं कापड काढून बाजूला टाकलं, खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि दांडीवर ओतायला लागला. पडद्यांवर, मधल्या लाकडावर, सगळीकडे.

"चाचा, वाईट नका वाटून घेऊ," तो म्हणाला. "पोरं घाबरतात."

भाई उठून उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, बोलायलाच हवं होतं. ते म्हणाले, "ते नको लावू रे. लाकूड मरी जाई. तू घरना कपडाघाई पूस, मी हात नही लावस. पन ते नको लावू."

तो चोळत राहिला. ओलं लाकूड उन्हात पांढरट पडत गेलं. भाई ते बघत होते, बँडवाल्याकडे नाही. तो गेल्यावर मला म्हणाले, "भाभी, मन्हामुये लाकडाचं असं व्हयनं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाळा उघडला नाही. संध्याकाळी किल्ली आणून उंबऱ्यावर ठेवली. मी उचलून परत त्यांच्यापुढे केली तर हात मागे घेतले.

आता ते अक्कलकुव्याला मुलीकडे असतात. मुलगी भली आहे. बापाला बाहेरच्या खोलीत खाट दिलीय, त्याच्याबरोबर एका ताटात जेवते. पण तीही दिवसभर शिवणाच्या कामाला जाते, आणि शेजारपाजार दारातच उभं राहून बोलतो. मागच्या महिन्यात मी बसनं जाऊन आले. दारात पोचले तर म्हणाले, "बसा ना भाभी, उभ्या काबर?" मी खाटेवर बसले. ते जरा लांब सरकले, मी तेवढीच जवळ सरकले, मग ते सरकले नाहीत.

त्या खोलीत घासायला, पुसायला काही नाही. सगळा वेळ खिडकीतून रस्ता बघतात. मी गावाकडचं सांगितलं, त्यांनी ऐकलं. चहा मुलगी कोमट करून ठेवून गेली होती, कारण गरम कळत नाही. आता हाताला काही लागलं, चिरलं, भाजलं तरी त्यांना समजत नाही, आणि जखम चिघळली की बोट जातं. एक गेलंच. म्हणून दवाखान्यात सांगितलंय की रोज कुणीतरी डोळ्यांनी हात आणि पाय बघायचे. त्यांना स्वतःला मोतीबिंदू. मुलगी अंधारात दमून येते, दिव्याखाली बघते, कधी राहून जातं.

मी निघायला उठले तेव्हा त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले, बोटं जेवढी उघडतात तेवढी उघडून. म्हणाले, "भाभी, दखा बरं, माले कोठे लागेल शे का."

मी चष्मा पुसून पाहिलं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. मला काही दिसलं नाही, म्हणून मी म्हटलं, काही नाही भाई, बरे आहेत हात. ते बरं म्हणाले आणि हात मांडीवर ठेवले. पण बसमध्ये बसल्यापासून माझ्या मनात तेच आहे की मला खरंच काही नव्हतं म्हणून दिसलं नाही, की माझीच नजर आता पुरत नाही. त्यांच्या मुलीचा फोन येतो, सगळं ठीक आहे म्हणते. तरी माझं मन लागत नाही.

तुझे डोळे चांगले आहेत गं. सुट्टीची वाट बघू नकोस, दोन दिवस काढून ये. आपण दोघी सकाळच्या बसनं अक्कलकुव्याला जाऊ. त्यांच्या खाटेवर बसायचं, चहा प्यायचा, आणि तू नीट उजेडात त्यांचे हात बघायचे. लवकर ये.